तक्रार क्रमांक चारशे सात

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला
की चौकाचौकांत दोर बांधतात.
माणसं दोर धरून रस्ता ओलांडतात,
पलीकडे पोचली की टोपी सावरतात
आणि चालू लागतात.
मीही तशीच.

माझा नवरा बाल्दोमेरो
दिवसा लोकरीच्या गोदामात हिशेब लिहितो.
रात्री माझं पावाच्या पिठाचं भांडं बाजूला सरकवून
त्याच टेबलावर जगाची घड्याळं जुळवतो.
कुठल्या देशाने काटे तासभर पुढे ढकलले,
कुठल्या सरकारने ऐन वेळी निर्णय फिरवला,
एवढंच सांगणारा नऊशे ओळींचा कोड.
कोणीही घ्यावा, फुकट, कुठेही वापरावा.

अकरा वर्षं.
मी म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या.
तो म्हणायचा, एवढी एक चूक काढतो, उठतोच.

तक्रारी येतात त्या अशा:
'तुमच्यामुळे आमची बैठक हुकली.'
'तीन दिवस झाले. उत्तर?'
एकाने नाताळच्या रात्री
नुसती उद्गारचिन्हं पाठवली, मजकूर कोरा.
धाकटीला गोवर निघाला त्या आठवड्यात
ह्याने अनोळखी माणसांची माफी मागितली,
उशीर झाला म्हणून.
मला राग आला होता.
अजून आहे.

मग मार्चमधल्या एका रात्री,
चिमणीत वारा घुमत असताना,
चारशे सात.
मोरोक्कोतल्या साफी गावची नर्स, बहीजा:
'रमजानात इथे घड्याळं तासभर मागे जातात.
या वर्षीही गेली.
रात्री दोनच्या औषधाची घंटा
दोनलाच वाजली.
काही बिघडलेलं नाही.
तुमचं नाव पार तळाशी, बारीक अक्षरांत सापडलं,
म्हणून लिहिते.'

त्याने तीनदा वाचलं.
मोरोक्कोची ओळ उघडून तपासली.
मला विचारलं, 'यात चूक कुठे आहे?'

नाही रे, म्हटलं. नाहीच आहे.

दोष, मागणी, शंका:
त्याच्याकडे तीनच शिक्के.
एकही लावता येईना.
काम झालं की तक्रार बंद करायची असते;
ही त्याने केली नाही.
अजून उघडी आहे.

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीपाशी
एक पोरगा खांबाला दोर बांधत होता.
मी थांबून त्याला काहीतरी म्हटलं.
वाऱ्यात त्याला नीट ऐकू गेलं नसावं;
त्याला वाटलं, बाई म्हणतेय गाठ सैल आहे.
त्याने हातमोजा काढला
आणि गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.