शून्य बाइट

त्या वर्षी आपल्याकडे वादळांना
कुणी नावं ठेवत नसे.
नुसता सन, महिना, समुद्र.
आमच्या लेखाचं शीर्षकही तेवढंच,
सरकारी पाकिटावरच्या पत्त्यासारखं कोरडं.

आम्ही तिघं होतो.
मी बेलापुरात, दिवाळ्याच्या जेट्टीमागे, तिसऱ्या मजल्यावर,
कालवं फोडणाऱ्या बायका उठायच्या आत लिहून घेणारी.
'वायुभार' म्हणून एक जण, तो कुठला ते कधीच कळलं नाही,
मध्यरात्री यायचा
आणि मध्य दाब दोन हेक्टोपास्कलने उतरवून जायचा.
आणि 'खारफुटी'.
खाडी जिथे चिंचोळी होते तिथला, ठाण्याचा.
हे कळलं एका शुक्रवारी:
दोघांचीही वीज गेली, दोघांचंही वाक्य अर्धं राहिलं,
परत आल्यावर चर्चापानावर त्याने विचारलं,
महावितरण का?

मी लिहिलं, वादळाने थैमान घातले.
खारफुटीने थैमान काढलं.
मोजता येत नाही, म्हणाला.
मी 'रौद्र' घातलं. तेही गेलं.
'दुर्दैवाने' टिकलं सव्वा तास.
मग तीन आठवडे आम्ही भांडलो,
वादळ किनाऱ्यावर आदळले, की त्याने किनारा ओलांडला?
वायुभार मध्येच म्हणाला,
वाऱ्याचा वेग एका मिनिटाचा की तीन मिनिटांचा
ते आधी ठरवा, क्रियापदं नंतर.
रात्री दीडला कोण असं भांडतं?
वादळाला डोळा होता. आमचा लागत नव्हता.

चौकटीत सगळ्यात खाली एक ओळ:
बेपत्ता ११.
मी त्याचे १२ केले.
दोन मिनिटांत परत ११. संदर्भ हवा.
मी लिहिलं, जोमा तांडेल, माझा मामा.
तो म्हणाला, अगदी नरमाईने, मला आठवतं,
मामा हा संदर्भ होत नाही.
बरोबरच होतं.
नियमाचं पान पहिल्या आठवड्यात मीच त्याला दाखवलं होतं.

आईला सांगितलं. ती सोडे निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
बेपत्ता कसा?
पत्ता होता की त्याला.
खालची आळी, विहिरीजवळ. पोस्टमन यायचा.

पावसाळा गेला.
वायुभारने नकाशा जोडला, ठिपक्यांची रांग,
निळ्यातून पिवळी होत, कोकणाजवळ लाल झालेली.
एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सहा तास.
मी त्या दोन लाल ठिपक्यांच्या मधली रिकामी जागा
मोठी करून करून बघत राहिले.
खारफुटी दिसेनासा झाला.
वाटलं रुसला, किंवा परीक्षा, किंवा लग्न.
आमच्यातले लोक असेच गळतात, निरोप न घेता.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी,
मासळीबाजार जांभया देत असतो तेव्हा,
लेखात एक नवी तळटीप उगवली.
बंद पडलेलं कुठलं साप्ताहिक, पान तीन, स्तंभ दोन.
बारा बेपत्ता, नावांसकट.
चर्चापानावर त्याने एवढंच लिहिलं होतं:
चौदा शनिवार लागले. शिंकून शिंकून ग्रंथपालही कंटाळले.
हात लावला की कागद तुटतो, म्हणून फोटो काढला नाही.
बातमीत जोमाचा सोमा झालाय.
गाव बरोबर आहे. होडीचं नाव बरोबर आहे.
आकड्याला तसंही शुद्धलेखन लागत नाही.

तळटीप लावून त्याने आकडा मात्र तसाच ठेवलेला. ११.
खाली एक ओळ:
तो तुम्ही बदला.

मी एक पुसला, दोन लिहिला, जतन केलं.
इतिहासाच्या पानावर प्रत्येक बदलापुढे त्याचं वजन दिसतं.
नकाशा आला तेव्हा हिरवं अधिक,
थैमान गेलं तेव्हा लाल उणे.
माझ्या ओळीपुढे राखाडी शून्य.
एकाच्या जागी दोन लिहिला
तरी जागा तेवढीच लागते.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, झालं का गं?
झालं, म्हटलं.
काय ते तिने विचारलं नाही.

मध्यरात्री वायुभार आला
आणि मध्य दाब आणखी एकाने उतरवून गेला.