उणे एक्कावन्न

लेना गोठल्यापासून उयबानचा फोन
कोटाच्या खिशात राहत नाही.
कोटाच्या आत जाकीट, त्याच्या आत लोकरी बनियन,
त्याच्याही आत, काखेशी,
तुयाराने शिवलेली सशाच्या कातड्याची पिशवी.
केस आतल्या बाजूला.

काल बर्फाला भोक पाडून जाळं ओढलं.
मासा वर आला, दोनदा उसळला,
तिसऱ्या उसळीआधीच त्याचं लाकूड झालं.
असा मासा नातीला दाखवायलाच हवा.
हातमोजा दातांत धरून त्याने फोन काढला:
त्रेचाळीस टक्के.
बोट टेकवलं,
आणि काळोख.

ट्रकात चार्जर आहे, लाव की, बाहिलाय म्हणाला.
(ट्रकचं इंजिन ऑक्टोबरपासून
कुणी बंद केलेलं नाही.)
उयबानने मान हलवली.
गारठलेल्याच्या तोंडात लगेच काही घालू नये,
शिंगराच्यासुद्धा.
आधी ऊब, मग दूध.
आणि हीटरजवळही नको,
काचेला आतून घाम फुटतो.

मग तो केबिनमध्ये नुसता बसून राहिला,
हात काखेत,
पोटात दुखणाऱ्या माणसासारखा.
बाहिलायचा तिसरा चहा झाला.
पोत्यातले मासे एकमेकांवर आपटून
सरपणासारखे वाजत होते.

पडदा उजळला तेव्हा एकोणचाळीस.
चार टक्के कुठे गेले, विचारायचं नाही.

एका बोटाने त्याने लिहिलं:
मासा मोठा होता.

याकुत्स्कहून लगेच उत्तर:
आजोबा,
पिशवीतून बाहेर काढलात ना?