दोनशे अठ्ठ्याऐंशी

गायसमुद्रे, हे धर. दोन्ही हातांनी.
दिसायला टॉर्च आहे, पण गंमत म्हणून
कुणाच्या डोळ्यांवर मारू नकोस.
आधी विचार, इथं कुणाला फेफरं येतं का?
येत असेल तर त्याला गोण्या मोजायला पाठव,
मग बटण दाब.

ब्लोअरच्या शाफ्टवर खडूनं रेघ ओढ,
आत्ताच, जेवणाच्या सुट्टीत, मिल बंद आहे तोवर.
एकच रेघ. दोन ओढल्यास
तर दुपारभर स्वतःलाच फसवत बसशील.

मी फसलोय. पहिल्याच आठवड्यात
सातशे वीसवर पंखा गप उभा दिसला,
मी वहीत सातशे वीस लिहिलं, खाली सही ठोकली.
इनायत मिस्त्रीनं वही बघितली, हसला नाही.
"बब्रुवान, तुझा दिवा दोन फेऱ्यांत
एकदाच डोळा उघडूलालाय.
मधली फेरी कुणाच्या बापाची?"

तेव्हापासून मी वरून उतरतो.
तीन हजारावर लाव, सावकाश खाली ये.
दोन रेघा दिसतील समोरासमोर, थांबू नकोस.
तीन दिसतील, थांबू नकोस.
पहिल्यांदा एकच रेघ जिथं गपगार उभी राहते
तो आकडा लिही.
चौदाशे चाळीस येईल.

मग केसभर खाली घे.
पंखा हलायला लागेल, बाजेवरून उठणाऱ्या
म्हाताऱ्यासारखा, एकेक पातं टेकत.
आता बघ. तिसऱ्या पात्याचा सैल रिबीट,
कपलिंगच्या रबराला गेलेली चीर:
दोन आठवडे जिचा आवाज ऐकतोय
तिचं तोंड आज दिसेल.
हात मागं ठेव.
उभं आहे असं वाटलं की विचार,
तोंडावर वारा कुठून येतोय?

संध्याकाळी काच पूस. तुरीची धूळ पिवळी बसते,
फुंकर मारू नकोस, थुंकी उडते, मऊ फडकं घे.
पाच मिनिटांवर सलग चालवायचा नाही, नळी तापते.
नळी बदलताना उघडं बोट लावू नकोस,
बोटाचं तेल जिथं लागतं तिथंच काच तडकते.
बंद केल्यावरही आत झटका दबा धरून असतो,
चहा पिऊन ये, मग पेच काढ.
हंगाम नसला तरी महिन्याला चार्जिंग,
वर्षाला एकदा वाळूजला, शिक्का मारून आणायला.

इनायत मिस्त्रीचा डावा हात
शेवटच्या वर्षी कायम खिशात असायचा.
आम्हाला वाटायचं, सुपारी शोधतोय.
एका रात्रपाळीला मी दिवा तपासत होतो,
त्यानं तो हात बाहेर काढला,
चालत्या ब्लोअरपुढं धरला.
"ह्याचाबी आकडा काढ."
बोटं हलत होती आपल्या तीन नंबरच्या चाळणीसारखी.
मी वरून उतरलो, शिकवलं होतं तसा.
हजाराच्या आसपास हातांची नुसती गर्दी.
सहाशेच्या खाली दोन हात, एकात एक अडकलेले.
दोनशे अठ्ठ्याऐंशीला एकच.
शांत. नखातलं ग्रीससुद्धा दिसावं असा.
आणि त्याच्या मागं ब्लोअरही उभा,
खडूची रेघ वर करून.

तो त्या हाताकडं बघत राहिला,
उदगीरच्या स्टँडवर कुणी जुनं माणूस भेटावं
आणि नाव आठवू नये, तसा.
मग म्हणाला,
"थांबल्यासारखा दिसूलालाय. थांबला न्हाई.
लिही वहीत."

मी लिहिलं. तारीख, वेळ, आकडा.
'मशीनचे नाव' या रकान्यात काय घालावं
ते तेव्हा सुचलं नाही,
अजून कोराच आहे.

ऊठ, भोंगा झाला.
रेघ ओढलीस का?