दीड टनाचा हिशेब

हरिओम कुशवाहनं स्टुलावरूनच सांगितलं,
"आंटीजी, आता यात काही राहिलं नाही."
हातात पाना, मानेवर ओला गमछा,
बाहेर शेहेचाळीस,
आणि जिवाजीगंजात सकाळपासून लाइटची ये-जा.

त्याचं एक सूत्र आहे.
यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च.
एकोणीस वर्षं. कॉम्प्रेसरचे साडेनऊ हजार.
"करा गुणाकार."
केला, कॅलेंडरच्या पाठीवर, दुधाच्या हिशेबाखाली:
एक लाख ऐंशी हजार पाचशे.
"एवढ्यात चार नवे येतील," तो म्हणाला.
चार घेऊन मी कुठे लावू, खोली एकच वापरते,
पण गणितात चूक नव्हती.

निरंजनचं तर भोपाळहून रोजचंच आहे,
आई, स्प्लिट घे, पाच स्टारचा,
बिल निम्मं येईल, खिडकी मोकळी होईल.

हिवाळ्याचं बरं असतं इथे.
रॉडचा हीटर, दोन रजया, लवकर जेवण,
ज्याची थंडी त्याला निस्तरता येते.
उन्हाळ्याला असं हाताळता येत नाही.
नवतपात रात्री दोनला भिंतीला हात लावावा
तर ती झोपलेली नसते.
कूलर म्हणावं, तर तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड.
ते मी प्यावं की त्यानं?

मग दोघांनी धरून डबा बाहेर ओढला,
म्हणजे त्यानं ओढला, मी "सांभाळ" म्हणत राहिले.
उजव्या अंगाच्या पत्र्यावर पेन्सिल.
मला ठाऊक होती. हरिओमला नव्हती.

१४ एप्रिल २००७. गॅस. बाबूलाल. रु. १२००.
२ मे २०११. आवाज येतो, पण थंड करतो.
एप्रिल २०१२. किल्ला स्वच्छ. गॅस ठीक.
जून २०१५. कपॅसिटर. बाबूलालला चहा द्यायचा राहिला, रागावला.

बारीक, सरळ, एजी ऑफिसातलं अक्षर,
ज्यानं लोकांच्या पेन्शनी तपासल्या
आणि घरचं एवढंच खातं पत्र्यावर मांडलं.
२०१९ नंतरच्या ओळी माझ्या.
त्यात नुसत्या रकमा आहेत.

हरिओमचं बोट एका नावाशी थांबलं.
"बाबूजी?"
मी मराठीतलं हिंदीत करून सांगितलं.
चहाचं सांगितलं तसा तो हसला,
मग म्हणाला, घरी तर ते कधीच रागवायचे नाहीत,
आणि पाना उगाच पुसत बसला.

मी चहा टाकला.
आलं होतं, दूध कालचं होतं, चाललं.

तो बशीत ओतून पीत म्हणाला,
"एक काम करू.
आता गॅस भरतो, जूनपर्यंत ओढेल.
दिवाळीत नवे स्वस्त होतात."
मी त्याला त्याचं सूत्र आठवून दिलं नाही.
"आणि नाही ओढला तर?"
"तर मी येईनच ना."

कॉम्प्रेसर कधी बंद पडेल हे कोणी सांगू शकत नाही.
चांगले डॉक्टरही "बघू" म्हणाले होते.
त्यांना फी दिली होती.

डबा परत बसवायच्या आधी
त्यानं कानामागची सुतारी पेन्सिल काढली.
मी तारीख सांगितली.
"पुढे काय?"

खिडकीचं भोक मोकळं होतं अजून.
वर्षातून एवढाच तासभर
त्यातून किल्ला दिसतो, तेली मंदिराचा माथा दिसतो.
मी वाकून पाहिलं.
लू सुटली होती. समोरच्या टाकीपलीकडे
सगळी पिवळी धूळ.

जे आहे तेच लिही, म्हटलं.
त्यानं त्याच्या हिंदीत, जरा तिरकं, लिहिलं:

क़िला नहीं दिखा. गैस भरी. चाय पी.