श्वास सोड

पहाटेचे चार. बाहेर उणे चौतीस.
दाम्दिन लेकीला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून आणतो,
टेकडीवरून, पायी,
शेजाऱ्याची गाडी गोठून पडली म्हणून.

नोमुंदारी, वय सात.
खाटेवर पुढे झुकलेली, तळहात गुडघ्यांवर रोवलेले,
दर श्वासाला गळ्याची खळी आत ओढली जाते,
फासळ्यांमधल्या फटीही.
आणि ती शिट्टी,
दाराच्या चिरेतून वारा घुसावा तशी,
मला औषधांच्या कपाटापाशी ऐकू येते.

बाप म्हणत राहतो : श्वास घे गं. घे. अजून घे.

उलानबातरच्या या उत्तरेकडच्या दवाखान्यात
मी अकरा हिवाळे काढलेत.
सगळे बाप हेच म्हणतात.

घेतलाय हो तिनं. पोटभर घेतलाय.
छाती बघा, पिंपासारखी झालीय.
जुना निघत नाही
म्हणून नव्याला जागा नाही.

यंत्राची वाफ तिच्या नाकातोंडाशी धरून
दुसऱ्या हातानं मी केसपेपरच्या पाठीवर
एक झाड काढते, उलटं, मुळं वर :
या नळ्या. यांच्याभोवती बारीक स्नायू,
एरवी गुमान असतात.
धूर लागला, थंडी लागली, की आवळतात मूठ.
आतलं अस्तर सुजतं. वर चिकट शेंबूड.
आत जाताना छाती फुगते, नळी जरा उघडते,
हवा कशीबशी शिरते.
बाहेर येताना सगळंच मिटतं...

'झडप,' दाम्दिन म्हणतो.
त्याचा धंदा पत्र्याची धुरांडी करायचा.
'झडप अर्धी पडली आणि वर काजळी धरली
की चूल पेटलेली असते,
पण धूर घरातच फिरतो.
लोक म्हणतात, लाकूड ओलं आहे.
लाकडाचा काही दोष नसतो.'

मी पेन खाली ठेवते.
इतकं नीट मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मग शिट्टी थांबते.

बापाचा चेहरा उजळतो. 'गेलं?'
माझ्या पोटात गोळा.
शिट्टी वाजायलासुद्धा थोडी हवा हलावी लागते.
स्टेथोस्कोप लावते : उजवीकडे काही नाही,
डावीकडे काही नाही, बर्फ पडताना असतं तसं.
ओठांवर जांभळी रेघ.
मी डॉक्टर ओयुन्गेरेलना ओरडून उठवते.
सुई. ऑक्सिजन. पुन्हा वाफ. पुन्हा.
दाम्दिन भिंतीला टेकून उभा,
हातातली लोकरी टोपी पिळतोय, ओली असल्यासारखी.

किती वेळ गेला, कागदावर लिहिलंय. मला आठवत नाही.

मग खालून, फार खालून,
एक चिरका सूर.
कुणाच्या छातीतल्या शिट्टीनं
एवढा आनंद व्हावा, हे बाहेर सांगण्यासारखं नाही.
'वाजतंय,' मी म्हणते. 'वाजू दे.'

सकाळी तिचे हात थरथरतात, काळीज धडधडतं.
औषधानं होतं तसं, घाबरू नका.
ती दुधाचा चहा मागते, मीठ जास्त.

खिडकीबाहेर टेकडीभर तंबू,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक नळी,
आणि प्रत्येक नळीतून सरळ वर जाणारा काळा दोर.
दाम्दिन बोटानं मोजतो : ते माझं, ते माझं,
त्या निळ्या दाराचंही माझंच.
'ओढ चांगली आहे माझ्या धुरांड्यांना,' म्हणतो.
'घरात जरा धूर राहत नाही.'

मग तो गप्प बसतो.
त्याला विचारायचं असतं ते मला कळतं,
आणि उत्तर देण्यासारखं माझ्याकडे
एक निळा पंप आहे, महिन्याभराचा,
आणि एक रिकामी प्लास्टिकची बाटली,
तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक कसं पाडायचं
ते दाखवते. तो माझ्याहून सफाईनं पाडतो.

जाताना तिला कातड्यात गुंडाळतो,
कपाळाला कपाळ लावतो.
'सोड,' म्हणतो, हळू. 'सगळा सोड.'

हुश्श, करते ती. मोठ्यानं. मुद्दाम.
काचेवर एक पांढरा गोल उमटतो
आणि जरा वेळ तसाच राहतो.