पहिलं वुड

अशोक चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर,
साडेसातला माझा क्लास.
शेजारी लूम चालू, म्हणून ओरडूनच शिकवते :
इफ यू हीट आईस, इट मेल्ट्स.
मागून नागमणी गुंडेटी :
बाई, सोलापुरात हीट कशाला करायला पाहिजे?

हसू ओसरतं. दुसरा प्रकार उरकतो.
तिसऱ्याला सगळ्या वह्या लाल होतात.
इफ आय वुड हॅव स्टडीड, आय वुड हॅव पास्ड.
पहिलं वुड मी खोडते.
अठरा वर्षं तेच खोडतेय.
आपल्यात 'असते' दोन्हीकडे लागतं,
शिकले असते तर पास झाले असते.
इंग्रजीत एकीकडेच.
'जर'च्या वाट्याला नुसतं कोरडं हॅड.

नागमणी वही उलटीसुलटी करून बघते.
हजार विड्या वळून आलेली बोटं,
पानाला तंबाखूचा वास.
"मग ही चादर नव्हे, बाई.
चादरीला दोन्ही अंगांनी मोर असतो,
वरून लाल, खालून पांढरा.
हा तर छापील टॉवेल."

बरं, तुझं वाक्य वाच, मी म्हणते.
ती उभी राहते, लूमच्या वर आवाज काढते :
इफ माय मदर वुड हॅव सेड नो —

आणि लाईट जाते.
लूम थांबतात.
तिचा 'नो' गल्लीभर एकटाच.

पुढचं ती हळू, तेलुगूत बोलली.
पहिल्या बाकावरच्या दोघी हसल्या.
तिसरी नाही.

लाईट आली तेव्हा
माझ्या हातात लाल पेनाचं
नुसतं टोपण होतं.