पुरुमेंत

पाकीट हातात घेतलं आणि आधी ते तोललं,
सवयच ती.
मालिमच्या जेटीवर एकतीस वर्षं
सोसायटीच्या काट्यापाशी बसलेला माणूस मी.
बर्फाचं पाणी इसवणाच्या भावानं
खपवताना डोळ्यांनी पाहिलंय;
मांसातलं पाणी काढून
वर त्याचे चौपट पैसे घेणारे
हे पहिलेच.

आत थर्माकोलसारखे चौकोनी तुकडे.
कोंबडी म्हणे. कच्ची. काळजासकट.
गोठवून, हवा काढून, बर्फाची थेट वाफ केलेली,
असं डॉक्टर केंकऱ्यांनी समजावलं.
पणजीहून परतताना फेरीबोटीत
कोंसूनं पिंजऱ्यातून असं पाहिलं माझ्याकडे,
जसं काही तिचं मूत्रपिंड मीच विकून आलोय.

सोळा वर्षांची आहे. खालचे दात गेले.
नाव मी नाही ठेवलं, शेजारच्या एस्पेरांसानं,
सायबिणीच्या फेस्ताला, आठ डिसेंबरला सापडली म्हणून.
लेक तिला स्विंडनला घेऊन गेला
त्या सकाळी घराची किल्ली आणि मांजर
एकाच वेळी माझ्या हातात आलं.
"दोन म्हयने फकत रे, पुंडलिक."
चार वर्षं झाली.
अलीकडे फोनवर लेकच बोलतो.

पहिल्या दिवशी तुकडा कोरडाच ठेवला.
कोंसूनं हुंगला, आणि फरशीवर पंज्यानं
नसलेली वाळू ओढली त्याच्यावर.
मग कोमट पाण्यात. मग पेजेच्या निवळीत.
मग चुरून, वर सुक्या सुंगटांची पूड,
तर पूड तेवढी टिपली नेमकी
आणि कोंबडी जागच्या जागी.
बंदीच्या साठ दिवसांत उपाशी राहील
पण बर्फातल्या बांगड्याला शिवणार नाही, अशी ही बाई.

सुंगटांची बरणी बंद करताना वाटलं,
अरे, हे पुरुमेंतच की.
मे महिन्यात आई अंगणात चटई घालायची,
सोलं, मिरच्या, खारवलेले बांगडे,
पावसाची सगळी बेगमी उघड्यावर,
आणि कावळ्यांच्या राखणीला मी.
ऊन पाणी न्यायचं, वास ठेवून जायचं.
इथं थंडीनं पाणी नेलंय,
वासही नेला असावा. मला तरी येत नाही.
कोंसूला येत असणार,
आणि येतो तो आवडत नसणार.

नवव्या दिवशी शेजारचं घर उघडायचं होतं.
महिन्यातून एकदा खिडक्या उघडतो, वाळवी बघतो.
एका हातात किल्ली, दुसऱ्यात बशी,
किल्ली काठाला लागली.
टण् टण्.
बाल्कांवात बसून एस्पेरांसा
अंगठी वाजवायची बशीवर, तसंच.
आधी कान वळले. मग मान, भिंतीकडे.
बराच वेळ भिंतीकडेच.
मी जागचा हललो नाही.
मग ती आली. चाटलं. थांबली.
दाराकडे पाहिलं. पुन्हा चाटलं.
पावणेदोन तुकडे.
जेटीवर याला कुणी वजन म्हणालं नसतं.

दहाव्या दिवशी मुद्दाम वाजवली किल्ली.
आली नाही. मलाच ओशाळल्यासारखं झालं.
अकराव्या दिवशी काही न वाजवता
अर्धा तुकडा गेला.
मुंग्यांनी नेला नाही, मी पाहत होतो.

पाकिटावर तारीख पुढल्या सप्टेंबरची.
डॉक्टर कोंसूबद्दल
एवढं लांबचं काही बोलले नव्हते.
मी पाकिटाला कपड्यांचा चिमटा लावतो.

तुकडा वाटीत टाकला की आधी तरंगतो.
मग एक कड जड होते,
मग खालून वर रंग चढत येतो,
ओला, कालच कापल्यासारखा.
मी बसून बघतो. ती टेबलाखालून मला बघते.
पाच मिनिटं लागतात असं लिहिलंय.
सात लागतात.